कोरड्या रस्त्यावर मोडणारा ट्रान्सफर बॉक्स : डिस्पोजलच्या एका निसान ट्रकचे प्रकरण

हे प्रकरण एका निसान वन टन ट्रकचे आहे. लष्करी सेवेतून निर्लेखित होऊन लिलावात विकला गेलेला, म्हणजे कोल्हापूरच्या बोलीत 'डिस्पोजलचा', हा ट्रक गगनबावडा आणि शाहूवाडी तालुक्यांच्या डोंगरी भागात विजेचे खांब, तारांची रिळे आणि लहान रोहित्रे पोहोचवणाऱ्या एका ठेकेदाराकडे आहे. गिअरबॉक्समधून आलेली ताकद पुढच्या आणि मागच्या धुऱ्यांत वाटून देणारा त्याचा ट्रान्सफर बॉक्स लागोपाठच्या तीन वर्षांत तीनदा निकामी झाला. पहिल्या दोन दुरुस्त्या दोन वेगवेगळ्या गॅरेजांत झाल्या. तिसऱ्या वेळी बॉक्सचे कवच बोअरिंगसाठी, म्हणजे बेअरिंगच्या बैठका कातून नीट करण्यासाठी, शिवाजी उद्यमनगरातल्या एका मशीन शॉपमध्ये आले, आणि तिथल्या मेस्त्रींनी काम हाती घेण्याआधी कारण शोधावे असा आग्रह धरल्यामुळे ते तपासणीसाठी माझ्यासमोर आले. मालक, गॅरेजे आणि कारागीर यांची नावे मुद्दाम दिलेली नाहीत.

गाडीची पार्श्वभूमी

निसानच्या परवान्याने जबलपूरच्या संरक्षण कारखान्यांत तयार झालेल्या या मालिकेतील ट्रकला मूळचे सहा सिलिंडरचे, ३९५६ सीसीचे पेट्रोल इंजिन असे. डोंगरात दम धरणारे, पण पेट्रोलच्या खर्चाने खासगी मालकाला न परवडणारे, असे ते इंजिन होते. त्यामुळे डिस्पोजलमधून बाहेर पडलेल्या अनेक निसानना पुढे डिझेल इंजिने बसली, आणि आधीच्या मालकाने या ट्रकलाही चार सिलिंडरचे डिझेल इंजिन बसवून घेतले होते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार घ्यावी लागणारी त्या बदलाची मंजुरी आणि नोंद, दोन्ही गाडीच्या कागदांत होती. हे लिहिण्याचे कारण असे की डिस्पोजलच्या गाड्यांत ते गृहीत धरता येत नाही.

कागदांविषयी थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे, कारण दुरुस्तीवर किती खर्च करावा हा निर्णय शेवटी त्यांच्यावरच अवलंबून असतो. लष्कराच्या वाहनांची नोंदणी कायद्याच्या कलम ६० खाली स्वतंत्रपणे होते, आणि वर जाणारा बाण व खरेदीच्या वर्षाचे दोन आकडे असलेली त्यांची क्रमांकपाटी नागरी रस्त्यावर चालत नाही. लिलावानंतर अशी गाडी आरटीओकडे नव्याने नोंदवावी लागते, आणि त्यासाठी संरक्षण खात्याच्या अधिकाऱ्याने दिलेले नमुना २१ मधील मूळ विक्री प्रमाणपत्र लागते. ते नसेल तर गाडी कितीही सुस्थितीत असली तरी तिची किंमत भंगाराच्या वजनाइतकीच राहते. या ट्रकचे प्रमाणपत्र, एमएच-०९ क्रमांकाचे नोंदणीपुस्तक आणि चासीवर ठोकलेला क्रमांक एकमेकांशी जुळत होते. मालकाचा खर्च करण्याचा आग्रह म्हणूनच समजण्यासारखा होता.

गाडीबरोबर एक गोष्ट मात्र आली नव्हती. सैन्यात प्रत्येक वाहनामागे ठरलेल्या तपासण्या असतात, चालकाला ते वाहन कुठे कसे चालवायचे याचे रीतसर प्रशिक्षण असते, आणि दुरुस्तीसाठी ईएमई या तांत्रिक दलाच्या कार्यशाळांची उतरंड असते. पुण्याजवळ खडकीतली ५१२ आर्मी बेस वर्कशॉप ही त्या उतरंडीतली वरची पायरी. लिलावात विकले जाते ते लोखंड. त्याभोवतीची शिस्त विकली जात नाही, आणि ज्याला ती कधी दिसलेलीच नाही त्या मालकाला तिची उणीव जाणवतही नाही. या प्रकरणाचा गाभा माझ्या मते इथे आहे, जरी तपास सुरू होताना आमच्यापैकी कोणाच्याही डोळ्यांसमोर तो नव्हता.

तक्रारींचा क्रम

पहिल्या वर्षी दिवाळीनंतर ट्रान्सफर बॉक्समधून घरघर सुरू झाली. गॅरेजने बेअरिंगे आणि ऑइल सील बदलले, तेल नवे भरले. त्याच वेळी चालकाची आणखी एक तक्रार होती, ती म्हणजे पुढच्या धुऱ्याचा लिव्हर अधूनमधून आपोआप निसटतो. त्यावर उपाय म्हणून लिव्हरच्या दांडीला जागेवर धरणाऱ्या गोळीमागची स्प्रिंग काढून अधिक ताठ स्प्रिंग बसवण्यात आली, आणि तिच्याखाली एक वॉशरही घातला गेला. या स्प्रिंगकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

दुसऱ्या वर्षी फेब्रुवारीत आतल्या एका गिअरचे दोन दात तुटले. मूळ सुटा भाग मिळवण्यासाठी दिल्लीच्या मायापुरीत आणि मुंबईत कुर्ल्याच्या बाजारात चौकशी झाली, पण हवा तो गिअर मिळाला नाही, म्हणून तुटलेल्या गिअरवरून इथेच नवा कापून घेतला गेला. तिसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये अणुस्कुरा घाटाच्या वाटेवर मोठा आवाज होऊन गाडी थांबली. पुढच्या धुऱ्याकडे जाणाऱ्या शाफ्टच्या खाचा पिळवटल्या होत्या, त्या शाफ्टला जोडणाऱ्या सरकत्या जोडाचे, म्हणजे डॉग क्लचचे, दात फुटले होते आणि पुढच्या बेअरिंगजवळ बिडाच्या कवचाला तडा गेला होता.

मालकाचे स्वतःचे स्पष्टीकरण तयार होते आणि ते ऐकायला पटणारे होते. गगनबावडा हा जिल्ह्यातला सर्वाधिक पावसाचा तालुका. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर, आणि एरवीही दर पावसाळ्यात, पडलेले खांब उभे करण्यासाठी ही गाडी गुडघाभर चिखलात जाते, ओढे ओलांडते, कधी दुसऱ्या गाड्या ओढून काढते. त्यांचे म्हणणे असे की मार पावसात बसतो आणि तो उन्हाळ्यात बाहेर पडतो. पहिल्या दोन्ही वेळी जुने तेल दुधाळ निघाले होते, म्हणजे आत पाणी गेले होते हे नक्की. दुसऱ्या गॅरेजचा रोख डिझेल इंजिनाच्या जादा ओढीवर होता, तर पहिल्या गॅरेजचा रोख दुसऱ्या गॅरेजने बनवून घेतलेल्या गिअरवर. तीनही मतांत काही ना काही तथ्य होते, आणि अशा वेळी तपास करणाऱ्याने त्यांतले सोयीचे एक उचलून मोकळे होण्याचा धोका सर्वांत मोठा असतो.

मला खटकली ती तारखांची रांग. तिन्ही बिघाड कोरड्या महिन्यांतले होते. पावसाळ्यात, जेव्हा गाडी सर्वांत कठीण काम करत होती, तेव्हा एकदाही बॉक्सने दगा दिलेला नव्हता. साठलेला मार उशिरा बाहेर पडतो हे धातूच्या थकव्याच्या बाबतीत खरे असू शकते, परंतु मग निदान एखादा बिघाड तरी ऐन ओढाताणीत, जुलै-ऑगस्टमध्ये, व्हायला हवा होता.

खोललेल्या बॉक्सने सांगितलेले

सुटे भाग डिझेलमध्ये धुऊन एका फळीवर मांडले आणि प्रत्येकाचे निरीक्षण केले. प्रथम तेल. तिसऱ्या वेळचे तेल दुधाळ नव्हते, उलट काळसर आणि करपट वासाचे होते, आणि चुंबकाला लागलेला चुरा बारीक नसून कणीदार होता. पाणी शिरण्याचे कारणही सापडले, ते म्हणजे कवचावरची श्वासनळी चिखलाने पूर्ण बुजलेली होती. तापलेला बॉक्स थंड ओढ्यात बुडाला की आतली हवा आकसते, तिला वाट मिळाली नाही तर ती सीलच्या ओठांतून पाणी आत ओढते. हा दोष खरा होता आणि तो दूर करणे आवश्यकच होते. परंतु त्या पाण्याने बेअरिंगच्या गोळ्यांवर गंज आणि डाग पडतात, शाफ्ट पिळवटत नाही.

नंतर गिअर. इथे कापलेला गिअर ईएन ८ पोलादाचा असून त्याच्या दातांना फक्त इंडक्शनने, म्हणजे विजेने वरवर तापवून, पाणी दिलेले होते. अशा कामासाठी ईएन ३५३ किंवा २० एमएनसीआर ५ सारखे पोलाद घेऊन, कार्बन मुरवून, पृष्ठभाग ५८ ते ६२ एचआरसी (कडकपणाचे माप) कडक आणि आतला गाभा चिवट ठेवणे योग्य ठरते. हलके पोलाद वापरल्याचा दोष द्यायला इथे जागा होती, पण गंमत अशी की तो गिअर जवळजवळ शाबूत होता. त्याच्या दातांवर फक्त बाहेरून आलेल्या कणांचे ओरखडे आणि एका ठिकाणी चेपलेली कड दिसत होती. गिअरच्या दातांमध्ये दुसऱ्याच कशाचे तरी तुकडे चिरडले गेले होते.

ते तुकडे डॉग क्लचचे होते, आणि निर्णायक पुरावा त्याच्या दातांवर होता. गाडी पुढे जात असताना इंजिन पुढच्या धुऱ्याला ओढते तेव्हा डॉगच्या दातांची एक बाजू दाब घेते. गाडी मागे घेताना, किंवा उतारावर इंजिनच्या ब्रेकने गाडी रोखताना, दाब दुसऱ्या बाजूवर येतो. वर्षभरात पुढे जाण्याचे अंतर मागे येण्याच्या कितीतरी पट असल्याने पहिली बाजू झिजलेली आणि दुसरी जवळजवळ नवी असायला हवी होती. प्रत्यक्षात उलटे होते. पुढे ओढणारी बाजू साधारण ठीक होती, आणि दुसरी बाजू चकचकीत घासून, टवके उडून, मुळाशी भेगाळलेली होती. मेस्त्रींनी पुढच्या धुऱ्याचे झाकण खोलून घेतले, तेव्हा तिथल्या पिनियनच्या, म्हणजे धुरा फिरवणाऱ्या लहान गिअरच्या, दातांवरही नेमका तोच उलटा ठसा मिळाला.

डिझेल इंजिनाचा मुद्दा इथेच निकालात निघाला. इंजिनाची जादा ओढ हे कारण असते तर नुकसान ओढणाऱ्या बाजूवर दिसले असते. या गाडीत पुढची चाके इंजिनाकडून ओढली जात नव्हती. रस्ताच त्या चाकांना पुढे ढकलत होता आणि ती चाके शाफ्टमार्फत ट्रान्सफर बॉक्सला पिळत होती.

हवालदारांचा प्रश्न

कोल्हापूर जिल्ह्यात माजी सैनिक गावोगावी आहेत, आणि त्यांतले ईएमईतून निवृत्त झालेले मेकॅनिक ही डिस्पोजलच्या गाड्या बाळगणाऱ्यांसाठी अशी सोय आहे जी फार थोडे लोक वापरतात. मेस्त्रींच्या ओळखीचे एक निवृत्त हवालदार आले. त्यांनी फळीवरच्या भागांकडे एकवार पाहिले आणि आम्हा कोणालाही काही न विचारता थेट चालकाला विचारले, "बाळा, पुढचा लिव्हर काढतोस कधी?"

चालकाचे उत्तर सरळ होते. "लिव्हर निघतच न्हाई सायब. हाताला पाय लावून ओढाय लागतोय. मग ऱ्हाऊ दे म्हटलं, तसंबी घाटात गाडी धरून ऱ्हाती."

म्हणजे गाडी चिखलातून डांबरी रस्त्यावर आल्यानंतरही पुढचा धुरा जोडलेलाच राहत होता, कोल्हापूर ते गगनबावडा हा सुमारे ५५ किलोमीटरचा रस्ता ती तशीच कापत होती, आणि असे महिनोन्महिने चालले होते. या ट्रकच्या ट्रान्सफर बॉक्समध्ये पुढच्या आणि मागच्या धुऱ्यांच्या मध्ये डिफरन्शियल, म्हणजे दोन्हींना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची रचना, नाही. लिव्हर लावला की दोन्ही धुऱ्यांकडे ताकद नेणारे प्रोपेलर शाफ्ट एकमेकांना ताठ बांधले जातात आणि त्यांना एकाच वेगाने फिरावे लागते. पण वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळावरून जातात, त्यांना अधिक फेरे हवे असतात. चिखलात, वाळूत किंवा ओल्या गवतावर एखादे चाक किंचित घसरून हा फरक फेडून टाकते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. कोरड्या डांबरावर टायर घसरत नाही, आणि न फिटलेला फरक शाफ्ट, क्रॉस (शाफ्टच्या टोकांचे सांधे), खाचा आणि डॉग यांच्यात पीळ होऊन साठत जातो. एकाच जूला जुंपलेल्या पण ढांगेची लांबी वेगळी असलेल्या बैलांच्या मानेवर जे होते, तेच इथे डॉगच्या दातांवर होत होते.

लिव्हर जड होणे हा बिघाड नव्हता, तो या पिळाचा इशारा होता. साठलेल्या पिळात डॉगचे दात एकमेकांना इतके घट्ट आवळून धरतात की लिव्हर हलत नाही. हवालदारांच्या म्हणण्याप्रमाणे सैन्यात चालकाला याचा उपाय सुरुवातीलाच शिकवला जातो. गाडी सरळ काही मीटर मागे घ्यायची, पीळ उतरतो आणि लिव्हर हलक्या हाताने सुटतो. आधीच्या गॅरेजने बसवलेल्या ताठ स्प्रिंगचा अर्थही आता लागला. झिजलेल्या दातांमुळे ताणाखाली जोड मधूनमधून निसटत होता, आणि प्रत्येक निसटण्याबरोबर साठलेला पीळ सुटून बाकीचे भाग वाचत होते. ताठ स्प्रिंगने तीही वाट बंद केली. तक्रार दूर झाली आणि त्यानंतरच्या दोन कोरड्या हंगामांत गिअर आणि शाफ्ट मोडले.

खडूची चाचणी

वळणांचा फरक एवढा मोठा नुकसानकारक ठरावा का, हा प्रश्न मात्र शिल्लक होता, कारण गगनबावड्याचा रस्ता कळे-असळजपर्यंत बराचसा सरळ आहे. म्हणून चाके मोजली. पुढे सैन्यातून आलेल्या काळातले, नक्षी झिजलेले टायर होते. मागे ओझे असते म्हणून मालकाने दोन वर्षांपूर्वी नवे, जाड दातांचे, वेगळ्या कंपनीचे टायर टाकले होते. दोन्हींच्या कडेवर छापलेला आकार एकच होता, आणि त्यामुळेच कोणाला शंका आली नव्हती. छापील आकार सारखा असला तरी टायरचा प्रत्यक्ष घेर कंपनीनुसार, नक्षीच्या खोलीनुसार आणि हवेनुसार बदलतो.

मोजण्याची रीत साधी आहे. नेहमीइतके ओझे भरून, चारही टायरमध्ये ठरलेली हवा भरून, पुढचा धुरा सोडवून गाडी सपाट जागी उभी केली. एक पुढचा आणि एक मागचा टायर जिथे जमिनीला टेकतो तिथे टायरवर आणि फरशीवर खडूच्या खुणा केल्या, गाडी सरळ रेषेत हळू ढकलली आणि प्रत्येक चाकाचे १० फेरे मोजून पुन्हा खूण केली. पुढच्या चाकाचे १० फेरे २६.६ मीटरमध्ये पूर्ण झाले, मागच्याचे २७.५ मीटरमध्ये. म्हणजे एका किलोमीटरमध्ये पुढच्या चाकाला सुमारे ३७६ फेरे हवेत आणि मागच्याला ३६४. नाकासमोर सरळ रस्त्यावरही दर किलोमीटरला १२ फेऱ्यांचा हिशेब जुळत नव्हता, आणि गगनबावड्यापर्यंत हा फरक साडेसहाशे फेऱ्यांच्या वर जात होता. वळणावर पुढच्या चाकांना जास्त फेरे लागतात, लहान घेरामुळेही जास्तच लागतात, म्हणजे दोन्ही परिणाम एकाच दिशेने पडत होते. डॉगच्या उलट्या बाजूवरच्या टवक्यांशी हे तंतोतंत जुळले.

त्यात आणखी एक दुष्टचक्र होते. हा फरक टायर थोडाथोडा घासूनच फेडला जातो, आणि झिजलेले पुढचे टायर त्या घासण्यात अधिकच झिजत होते. घेर जितका कमी होई तितका फरक वाढे. पुढच्या टायरच्या नक्षीच्या कडा करवतीच्या दातांसारख्या एका बाजूने धारदार झालेल्या दिसल्या, आणि त्याकडे आधी सर्वांनी अलाइनमेंटचा दोष म्हणून पाहिले होते.

दोन्ही धुऱ्यांतल्या क्राउन-पिनियनचे, म्हणजे मोठ्या आणि लहान गिअरच्या जोडीचे, गुणोत्तर एकच आहे का, हेही तपासले. इंजिन बदललेल्या गाड्यांत कधीकधी मागचा धुराही बदललेला असतो, आणि गुणोत्तर वेगळे निघाले तर टायर कितीही जुळवले तरी उपयोग नसतो. धुरा उचलून दोन्ही चाके एकत्र फिरवली आणि प्रोपेलर शाफ्टचे फेरे मोजले. गुणोत्तर जुळले.

दुरुस्ती

कवचाचे काय करायचे यावर बरीच चर्चा झाली. कोल्हापुरात फाउंड्री आणि पॅटर्न करणारे इतके जवळ आहेत की बिडाचा कोणताही भाग फुटला की 'नवा ओतून घेऊ' हा विचार पहिल्यांदा येतो. शिरोली किंवा गोकुळ शिरगावात ते अशक्य नाही. माझे मत त्याविरुद्ध होते. ट्रान्सफर बॉक्सच्या कवचात शाफ्टांच्या अक्षांमधले अंतर आणि त्यांची समांतरता हा खरा जीव असतो. मूळ नकाशा हाती नसताना, तडा गेलेल्या आणि बेअरिंगची बैठक लंबगोल झालेल्या नमुन्यावरून ती मापे घेणे म्हणजे दोषाची नक्कल करणे ठरते. एका नगासाठी पॅटर्नचा खर्च वेगळाच.

म्हणून जुनेच कवच वाचवले. तडा बेअरिंगच्या बैठकीपर्यंत पोहोचलेला नव्हता. त्याच्या दोन्ही टोकांना भोके पाडून तो पुढे सरकणे थांबवले आणि थंड अवस्थेतच एकमेकांत अडकणाऱ्या पिना ठोकून तो शिवला. निकेल रॉडने वेल्डिंग करता आले असते, पण ते खात्रीने करायचे तर संपूर्ण कवच सारखे तापवून सावकाश थंड करावे लागते, आणि त्यात बैठका वाकण्याची भीती होती. पुढच्या बेअरिंगची बैठक सुमारे ०.१२ मिलिमीटर लंबगोल झाली होती. ती मोठी करून तिच्यात बिडाचा बुश, म्हणजे आतून बसणारी कडी, मारला, आणि बुशचे शेवटचे बोअरिंग शाबूत बैठकींवरून केंद्र धरून केले. काम झाल्यावर दोन्ही बैठकांत मँड्रेल, म्हणजे अचूक मापाचे दांडे, घालून त्यांच्यातले अंतर दोन्ही टोकांना मायक्रोमीटरने मोजले. मेस्त्रींनी हे मोजमाप तीनदा, प्रत्येक वेळी मँड्रेल फिरवून घेतले. उद्यमनगरची कीर्ती ज्या हातांवर उभी आहे ते हात हे असे.

बेअरिंगांची अडचण आली नाही. डिस्पोजलच्या गाडीत सगळेच दुर्मिळ असते हा समज आहे, पण बेअरिंगवरचा क्रमांक वाचता आला तर गाडी कुठल्याही देशातली असो, माप जगभर एकच असते. उदाहरणार्थ ६३०८ म्हणजे आतला व्यास ४०, बाहेरचा ९० आणि जाडी २३ मिलिमीटर. जुनी बेअरिंगे अशाच प्रमाणित मापांची निघाली. शाफ्ट आणि डॉग मात्र नवे करावे लागले, आणि या वेळी ते ईएन ३५३ मध्ये, कार्बन मुरवून, कडकपणाचा दाखला घेऊन केले. डॉगच्या दातांना मूळच्यासारखा किंचित उलटा उतार दिला, म्हणजे ताणाखाली जोड आपोआप निसटणार नाही. ताठ स्प्रिंग आणि तिच्याखालचा वॉशर काढून मूळ जोराची स्प्रिंग बसवली. पुढच्या प्रोपेलर शाफ्टचे दोन्ही क्रॉस बदलले आणि जॅम झालेला सरकता भाग मोकळा केला. श्वासनळीला रबरी नळी जोडून तिचे टोक केबिनमागे वर नेले.

तेलाबाबत एक सावधगिरी घ्यावी लागली. आत पितळी बुश होते, म्हणून जीएल-४ प्रतीचे ९० नंबरचे तेल वापरले. जीएल-५ मधली काही रसायने तांबे असलेल्या धातूला मानवत नाहीत, आणि 'जास्त भारी तेल' म्हणून ते भरण्याची पद्धत सर्रास आहे.

शेवटी टायर. मालकाला हाच खर्च सर्वांत जिवावर आला, कारण त्यांच्या दृष्टीने मागचे टायर अजून चांगले होते. आधीच्या दोन दुरुस्त्यांची बिले आणि टायरचा दर कागदावर शेजारी लिहून दाखवल्यावर ते तयार झाले. स्टेपनीसह पाच टायर एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे घेतले. नव्या संचात १० फेऱ्यांतला फरक ८ सेंटिमीटर निघाला, म्हणजे ०.३ टक्के. यापुढे हा फरक २५ सेंटिमीटरच्या, म्हणजे साधारण एक टक्क्याच्या, वर जाऊ द्यायचा नाही असे ठरले, आणि त्यासाठी टायर ठरावीक काळाने पुढून मागे फिरवायचे.

चालकासाठी डॅशबोर्डवर एक दिवा बसवला, जो पुढचा धुरा जोडलेला असेपर्यंत पेटलेला राहतो. नियम एकच सांगितला. चाकाखाली डांबर किंवा सिमेंट लागले की लिव्हर काढायचा, न निघाला तर गाडी थोडी मागे घ्यायची, हाताला पाय लावायचा नाही. तरी त्याला हे पटवायला भाषण पुरले नाही, प्रात्यक्षिक लागले. जुन्या टायरवरच, धुरा जोडून, कोरड्या फरशीवर गाडीला दोन-तीन घट्ट वळणे दिली आणि मग पुढचे एक चाक जॅकवर उचलले. जमिनीपासून सुटताच ते चाक कोणी हात न लावता झटक्याने फिरले. चाकाजवळ कोणी उभे राहू नये याची काळजी आधीच घेतली होती, कारण या झटक्यात बोटे जाऊ शकतात. चालक काही बोलला नाही, पण त्यानंतर लिव्हर लावून डांबरावर आलेली गाडी मी पाहिलेली नाही.

नंतरचा हंगाम

गाडी पुढचा पावसाळा आणि त्यानंतरचा संपूर्ण कोरडा हंगाम चालली. पंचगंगेला आणि कुंभीला पाणी येऊन मांडुकलीजवळ रस्ता बंद झाला त्या दिवसांतही ती पलीकडच्या वाड्यांवर काम करत होती, आणि पावसाळा संपल्यावर काढलेले तेल दुधाळ नव्हते. मार्चमध्ये निचरा बोल्टच्या चुंबकावर फक्त बारीक राखाडी लेप होता, जो नव्या दातांच्या बसण्यातून येतोच. झाकण काढून डॉग पाहिला तेव्हा दोन्ही बाजूंवर फक्त हलकी चमक होती, आणि ओढणाऱ्या बाजूवर ती थोडी अधिक होती. हवी होती ती याच क्रमाने.

पुढच्या धुऱ्यातला पिनियन आम्ही बदललेला नाही. त्याच्या उलट्या बाजूवरचा जुना ठसा आहे तसाच आहे, तो वाढतो का हे दर वर्षी पाहायचे आहे, आणि वाढला तर जोडी मिळवण्याची शोधाशोध तेव्हा करावी लागेल. ईएन ८ चा तो गिअरही आतच आहे. ज्या कामात तो टिकू नये असे मी कागदावर म्हटले असते, त्यात तो टिकून आहे, आणि तेवढ्यासाठी बॉक्स पुन्हा खोलावा असे मला वाटत नाही.

मालकाने आता विचारले आहे की काढलेले जुने मागचे टायर रिमोल्ड करून, म्हणजे त्यांच्यावर नवी नक्षी चढवून, दिवाळीनंतर मागे वापरता येतील का, म्हणजे नवे टायर पावसाळ्यासाठी राखता येतील. फक्त मागच्या जोडीला रिमोल्ड लावून ते चालणार नाही, कारण घेरातला फरक पुन्हा पहिल्यासारखा होईल. चारही एकाच साच्यातून रिमोल्ड होणार असतील आणि खडूच्या चाचणीत फरक २५ सेंटिमीटरच्या आत येत असेल तर हरकत नाही. चार सारख्या घेराचे जुने टायर त्यांच्याकडे सध्या नाहीत, त्यामुळे आणखी दोन मिळेपर्यंत ती जोडी गोदामातच ठेवायला सांगितले आहे.